मुलाचा कल ओळखा



पेरणीआधी आपण रान पाहतो. मग मुलाला पुढे शिकायला धाडताना त्याचा कल नको का पाहायला?

२०१६ साली महाराष्ट्रात दहावीच्या मुलामुलींची कल चाचणी झाली. या चाचणीत पास-नापास नसते. मुलाला काय आवडते, ते तिच्यातून कळते. त्याला काय जमेल, हे पाहणारी चाचणी वेगळी. आवडते ते जमतेच असे नाही. म्हणून दोन्ही पाहावे.

पण चाचणीचा कागद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. गुरुजींना विचारा. मुलाला जवळ बसवा, त्याचे ऐका. पोरीचेही ऐका. "शेजारचा डॉक्टर झाला, तूही हो," असा हट्ट धरू नका. जन्मभर ते काम त्यांनाच करायचे आहे.