तारखांच्या दिवसांत



मी काही वक्ता नव्हे. बँकेच्या काउंटरवर दुसऱ्यांच्या सह्या पडताळणारा कारकून. पण स्वतःची एक सही विचार न करता केली. जिवलग मित्राने पतसंस्थेचे कर्ज काढले, त्याला जामीन राहिलो. कॉलेजपासून एका डब्यात जेवलेलो आम्ही; कागद वाचायचे मनातही आले नाही. करार कायदा १८७२, कलम १२८ : जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगत होतो!

त्याने हप्ते थकविले. वसुली दाखला निघाला, माझ्या पगारातून कपात झाली. सगळे फेडून झाल्यावर मी त्याच्यावर दावा लावला. पैशाचे दुःख सोसले असते. पण त्याच्या कैफियतीत लिहिले होते, की कर्जातली निम्मी रक्कम मीच घेतली. ती ओळ मी कोर्टाच्या जिन्यात उभ्यानेच वाचली.

त्या दिवसापासून झोप गेली. पहाटे तीनला जाग यायची. वाटायचे, आपण नसलो तर दावा मिटेल, बायकामुलांची नाचक्की थांबेल. जीव द्यावा, हा विचार रोजचाच झाला. (वास्तविक, वादी मेला तरी असा दावा आपोआप मिटत नाही, वारसांना तो चालवता येतो. बँकेतल्या माणसाला हे कळायला हवे होते. पण त्या वेळी डोके हिशोब करीत नसते.) सहा महिने मी हे कोणाला सांगितले नाही. लाज वाटे.

एका रात्री बायकोने दिवा लावून सरळच विचारले, "जीव द्यायचं डोक्यात आहे का तुमच्या?" असे विचारल्याने माणूस तिकडेच ढकलला जातो, हा समज खोटा आहे. मला रडू फुटले आणि मी बोललो. ती म्हणाली, "पगार निम्मा आला तरी चालेल, तुम्ही अख्खे घरी या."

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात गेलो. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, तोवर रात्री एकटे राहू नका, असे डॉक्टरांनी बजावले. बायकोने कोर्टाचे कागद कपाटात घालून किल्ली स्वतःकडे ठेवली. तारखेच्या आदल्या दिवशीच ते बाहेर निघत. कोर्टात मेहुणा सोबत येऊ लागला.

पोलिसांच्या भीतीने काही घरे अशी गोष्ट झाकतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसाला शिक्षा नव्हे, उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिलेले नाही. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. वकिलाच्या फीची धास्ती असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला तेथे उत्पन्नाची अट नाही, आणि १९९० च्या दुरुस्तीपासून त्यात आपण बौद्धही येतो. मला हे फार उशिरा कळले.

दावा अजून चालू आहे. मागच्या तारखेला तो समोरच्या बाकावर होता, केस पार पिकलेले. बोललो नाही. पुढची तारीख येत्या सोमवारी आहे, मी रजा टाकली आहे. या वेळी बायको येते म्हणते.