दीडपट वेगातला दरोडा

तुमच्यातले बरेच जण मला आत्ता दीडपट वेगात ऐकत असणार. चालू द्या, आजचा विषयच तो आहे.

मूकपट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? तुरुतुरु पळणारी माणसं. विनोदी पटांत ते कधीकधी मुद्दाम केलेलं असायचं. पण एरवी गडबड आपल्या प्लेअरची.

'द ग्रेट ट्रेन रॉबरी' घ्या. एडविन पोर्टरने १९०३ मध्ये एडिसन कंपनीसाठी केलेला. वेस्टर्नचा आद्य नमुना, आणि शूटिंग कुठे? पार पूर्वेला, न्यूयॉर्कच्या स्टुडिओत आणि शेजारच्या न्यू जर्सीत! फिल्मची लांबी ७४० फूट. ३५ एमएमच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचे, त्यामुळे वेग पक्का नसायचा. पण सेकंदाला १६ धरल्या तर एक फूट म्हणजे एक सेकंद. झाली १२ मिनिटं आणि वर थोडे सेकंद. पुढे बोलपट आले आणि २४ फ्रेम कायम झाल्या. तीच फिल्म २४ने सोडली की सव्वाआठ मिनिटांत खलास. बरोब्बर दीडपट.

यात नुकसान काय? पहिलाच सीन बघा. दरोडेखोर तारमास्तरला धरतात, आणि मागच्या खिडकीत खरी ट्रेन येऊन थांबते. ऑफिस म्हणजे स्टुडिओतला सेट. खिडकीची जागा झाकून सेट शूट करायचा, मग तेवढ्याच मोकळ्या जागेत ट्रेन टिपायची. ना प्रिव्ह्यू, ना अनडू. मी दिवसभर कोड लिहितो, चुकलं की मागे जातो. मला तर हे वाचूनच घाम फुटला. घाईत ती खिडकी नजरेतून निसटते.

पुढे धावत्या इंजिनामागे मारामारी आहे. एक कट, आणि माणसाच्या जागी बाहुला. तो खाली फेकतात. दीडपट वेगात आपण फिस्सकन हसतो. नीट वेगात जोड दिसतो, तरी पोटात गोळा येतो.

तर बघण्याआधी व्हिडिओची लांबी तपासा. १२ मिनिटांच्या आसपास असेल तर ठीक. आठ-नऊ असेल तर सेटिंगमध्ये ०.७५ करा, २४च्या १८ होतात. आणि दरोडेखोराचा सरदार थेट तुमच्याकडे बघत गोळी झाडतो, तो शॉट सुरुवातीला दिसला तर कॉपी चुकीची समजू नका. तो सुरुवातीला लावायचा की शेवटी, हे कंपनीने थिएटरवाल्यांवरच सोडलं होतं.