ढगांचे वाचन

बंगळूरला समुद्र नाही. सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहराला चक्रीवादळाची ओळख होते ती बहुधा दोन-तीन दिवसांच्या मळभातून आणि भुरभुर पावसातून. चेन्नईच्या बाजूला वादळ आले की येथील लोक कपाटातले स्वेटर बाहेर काढतात, एवढेच. तरीही त्या वादळांवर पाळत ठेवणारे आपले उपग्रह घडतात ते याच शहरात. २०१३ साली इन्सॅट-३डी, २०१६ साली ३डीआर आणि २०२४ साली ३डीएस अवकाशात गेले. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या गतीशी आपली गती जुळवून, असा उपग्रह एकाच जागी ठाकल्यासारखा राहतो आणि अर्ध्या अर्ध्या तासाने खालच्या ढगांचे चित्र पाठवतो. रात्रीही पाठवतो, कारण तो केवळ प्रकाश पाहत नाही, उष्णताही पाहतो, आणि जितका ढगाचा माथा उंच तितका तो थंड.

मी सरकारी नोकर, शिक्षण साहित्याचे. यंत्ररचनेविषयी बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. पण नोकरीच्या काळात वादळाचे इशारे माझ्या टेबलावर आले आहेत, आणि प्रत्येक वेळी मी एकच प्रश्न विचारला आहे : नेमके कोणते गाव? उत्तरादाखल नकाशावर पुढे पुढे रुंदावत जाणारा एक पट्टा मिळे. मला वाटे, इतका खर्च करून वर डोळा बसवला, मग ही चाचरती भाषा कशासाठी?

पुढे एका लहानशा अभ्यासवर्गात हवामानशास्त्राच्या उमेदवारांबरोबर बसण्याचा योग आला, तेव्हा माझा तो तोरा उतरला. उपग्रहाला ढगांचे माथे दिसतात. त्यांच्याखाली समुद्रावर घोंघावणारा वारा त्या चित्रात दिसत नाही. तो ढगांच्या आकारावरून ताडावा लागतो. अमेरिकेतील व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७०च्या दशकात यासाठी एक पद्धत बसवली. वादळाच्या केंद्राभोवती ढगांचा पट्टा कितपत गुंडाळला गेला आहे हे दशांशांत मोजायचे आणि त्यावरून वादळाला एक ते आठपर्यंतचा अंक द्यायचा. ऐकायला सोपे आहे! प्रत्यक्षात पट्ट्याची कड विस्कटलेली, केंद्र वरच्या ढगांनी झाकलेले. आमच्यासमोर एक जुने चित्र ठेवले गेले. माझ्या शेजारच्या मुलीने पट्टा सात दशांश धरला, अंक आला तीन. पलीकडच्या तरुणाने आठ दशांश धरला, अंक साडेतीन. त्या अर्ध्या अंकाने वाऱ्याचा वेग ताशी ८३ किलोमीटरवरून १०२ वर जातो, आणि साध्या चक्रीवादळाचे तीव्र चक्रीवादळ होते. गुरुजींनी कोणालाही चूक ठरवले नाही. फक्त कड कोठे धरली आणि का, एवढे प्रत्येकाकडून वदवून घेतले. मग आधीची चित्रे एकामागून एक लावली. तेव्हा त्या मुलीने आपला अंक आपणच खोडला.

चित्र होते २ जून २०२०च्या रात्रीचे, वादळ 'निसर्ग'. दुसऱ्या दिवशी दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर.

ते नाव ऐकताच मी चित्राकडे पुन्हा पाहिले. माझे मामा श्रीवर्धनचे. त्या संध्याकाळी गावच्या शाळेत मुक्कामाला जा, असा निरोप आला तेव्हा ते फार चिडले होते. असे वारे आपण पुष्कळ पाहिले, असे त्यांचे म्हणणे. मामी हट्टाने त्यांना घेऊन गेली. परतले तेव्हा घराच्या वाशांवर माड आडवा होता आणि पोफळींची वाडी झोपली होती. पोफळ धरायला वर्षे लागतात. सत्तरीच्या माणसाने ती पुन्हा लावली.

१९९९ साली ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' आले तेव्हा मृतांची संख्या काही दहांत राहिली. याचे श्रेय एकट्या उपग्रहाला देणे बरोबर नव्हे. निवारे होते, वाहने होती, दारोदार जाणारी माणसे होती. पण त्या माणसांना कोणत्या दिवशी निघायचे हे ज्याने सांगितले, त्याने आधी अशाच एखाद्या विस्कटलेल्या कडेवर बोट ठेवलेले असते. रुंदावणारा पट्टा पाहून मी आता चिडत नाही. त्यातली सगळी गावे उठवण्याची तयारी करतो. पट्टा नंतर अरुंद झाला तर काही गावे शिव्या देतात, त्या ऐकून घेतो.

मामांचा मात्र ग्रह झाला आहे की बंगळूरला राहणाऱ्या भाच्याला उपग्रहातले सारे कळते. मे महिना संपत आला की त्यांचा फोन ठरलेला. ''काय रे, तुमच्या त्या वरच्याला काही दिसतंय का?'' मी सांगतो, ''मामा, त्याला ढग दिसतात. बाकीचे पुण्या-दिल्लीची माणसे पाहताहेत.'' यावर ते क्षणभर थांबतात आणि म्हणतात, ''नीट बघायला सांग हो त्यांना.''