हरलेल्याच्याही गळ्यात सुवर्णपदक





मुंबईतल्या या स्क्वॉश परिषदेने हौशी पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धांचा विषय चर्चेला घेतला, याचा मला विशेष आनंद आहे. १९६७ साली ऑस्ट्रेलियात या स्पर्धा सुरू झाल्या आणि पहिली चारही सांघिक विजेतेपदे ऑस्ट्रेलियानेच पटकावली. सोबतच्या वैयक्तिक स्पर्धेत पहिल्या तिन्ही वेळी विजेता होता ऑस्ट्रेलियाचाच जेफ हंट. पुढे तो व्यावसायिक झाला आणि नियमानुसार या स्पर्धेची दारे त्याला बंद झाली. खेळावर पोट भरणाऱ्याला देशाच्या संघात जागा नाही, हा नियम मला आजही अन्यायाचा वाटतो. १९८० मध्ये हौशी आणि व्यावसायिक हा भेद संपला, हे फार चांगले झाले.

१९७९ सालची हकिगत तर निवड समित्यांनी कायम ध्यानात ठेवावी. पंधरा वर्षांच्या जहांगीर खानला पाकिस्तानच्या संघात घेतले नव्हते. तो मेलबर्नला वैयक्तिक स्पर्धेत उतरला आणि जगज्जेता होऊन परतला! त्या वर्षीचे सांघिक विजेतेपद मात्र ब्रिटनकडे गेले.

सांघिक स्पर्धेचे मोल वेगळेच आहे. एरवी स्क्वॉशच्या कोर्टात खेळाडू एकटाच असतो. सांघिक लढतीत त्याच्या पाठीशी आणखी दोन सामने असतात. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, ३० सप्टेंबर २०२३ रोजी, पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम फेरीत आपल्या मुंबईचा महेश माणगावकर पहिला सामना हरला. सौरव घोषालने बरोबरी साधली. निर्णायक सामन्यात अभय सिंग पाचव्या गेममध्ये ८-१० असा मागे होता. दोन मॅच पॉइंट वाचवून त्याने तो गेम १२-१० असा जिंकला आणि महेशच्याही गळ्यात सुवर्णपदक आले. ते त्याच्या हक्काचेच होते.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये स्क्वॉश प्रथमच खेळला जाईल, पण तिथे सांघिक स्पर्धा नाही. म्हणून सांघिक स्क्वॉशची ही परंपरा सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक आहे. आपल्याकडची कोर्टे बहुतेक जिमखान्यांत आणि क्लबांत आहेत. दुपारी ती रिकामी असतात. त्या वेळेत महापालिका शाळांतल्या मुलांना तिथे खेळू द्या, त्यांचे संघ बांधा आणि आंतरशालेय सांघिक सामने सुरू करा. तसा ठराव या परिषदेत व्हावा, अशी स्वागत समितीची आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे.