गवतकापणी यंत्राचें इंजिन कसें ओळखावें?

गवत कापण्याचें पेट्रोलचें यंत्र जुन्या बाजारांतून घेतलें, म्हणजे त्याबरोबर माहितीपुस्तिका सहसा मिळत नाहीं. पातें बोथट असल्यास धार लावतां येते, सुरू करण्याची दोरी तुटल्यास नवी घालतां येते. परंतु इंजिनाची जात न ओळखतां टाकींत पेट्रोल ओतलें, तर तें इंजिन कायमचें निकामी होण्याचा संभव असतो.

या जाती मुख्यतः दोन: टू-स्ट्रोक व फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोक इंजिनास वंगण मिळतें तें पेट्रोलमध्यें मिसळलेल्या तेलांतून. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं जुनी बजाज चेतक स्कूटर चालविली असेल, त्यांना पेट्रोलमध्यें तेल घालून घेण्याची रीत आठवत असेल; तिचें कारण हेंच. फोर-स्ट्रोक इंजिनाचें तेल मात्र त्याच्या बुडाशीं निराळें सांठविलेलें असतें. म्हणून टू-स्ट्रोकमध्यें नुसतें पेट्रोल घातल्यास दट्ट्या तापून जखडतो. उलट, फोर-स्ट्रोकमध्यें मिश्रण घातल्यास धूर होतो व प्लग काजळतो. आणि मिश्रणाच्या भरंवशावर बुडाचें तेल भरलेंच नाहीं, तर तेंही इंजिन जातें.

पहिली परीक्षा झांकणांची. यंत्र थंड असतां प्रथम प्लगची तार काढून ठेवावी, म्हणजे पातें अकस्मात् फिरण्याचें भय राहत नाहीं. पेट्रोलच्या झांकणाखेरीज इंजिनाच्या खालच्या अंगास तेलाचें दुसरें झांकण, बहुधा तेल मोजण्याच्या पट्टीसह, आढळल्यास इंजिन फोर-स्ट्रोक समजावें. तसें झांकण नसल्यास तें बहुधा टू-स्ट्रोक असतें. पेट्रोलच्या झांकणावर तेलाचें प्रमाण लिहिलेलें असल्यास संशय उरत नाहीं.

यंत्रावरील ठळक नांवावर मात्र विसंबूं नये. सिडनी येथें १९५२ सालीं निघालेलीं व्हिक्टा यंत्रें टू-स्ट्रोक होतीं. पुढें त्याच नांवानें फोर-स्ट्रोक यंत्रेंही विकलीं गेलीं. शिवाय यंत्र एका कारखान्याचें व इंजिन दुसऱ्याचें, असेंही पुष्कळदां असतें.

खरी ओळख इंजिनावरील अंकांत असते. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या अमेरिकन कंपनीच्या इंजिनांवर मॉडेल, टाइप व कोड असे तीन क्रमांक असतात. तिच्या जुन्या, घन इंचांच्या पद्धतींत मॉडेलच्या आरंभीचे एक-दोन अंक आकारमान सांगतात. ९२९०० या मालिकेंतील ९ म्हणजे ९ घन इंच, अर्थात् सुमारे १४८ घन सेंटिमीटर. कोडचे पहिले सहा अंक ९२०५१८ असल्यास तें इंजिन १८ मे १९९२ रोजीं तयार झालें. धूळ व तेलकट मळ पुसून हे क्रमांक उतरून घ्यावे. सुटे भाग त्यांवरूनच मिळतात.

हा निर्णय होईपर्यंत टाकींत राहिलेलें जुनें पेट्रोल काढून टाकावें, आणि दोरी ओढूं नये.