पत्रांची पेटी बदलताना



ऑफिसात ई-मेलचा प्रोग्रॅम बदलायचा म्हटलं की निम्म्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात. सवयीचं बटण सवयीच्या जागी नसतं. पाठवलेली पत्रं कुठे गेली ते कळत नाही. मी भातसानगरला राहते आणि शहापूरच्या एका लहानशा ऑफिसात कारकुनी करते. आमच्याकडे ही उलथापालथ नुकतीच झाली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं ऑफिस २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांची दुरुस्ती थांबवली. आमचं आउटलुक त्यातलंच. ते त्या दिवशी बंद पडलं नाही, पण त्याच्या भिंतीला भोक पडलं तर आता बुजवणारा कुणी राहिला नाही. नवं विकत घेण्याइतके पैसे नव्हते. म्हणून आम्ही थंडरबर्ड घेतलं. ते फुकट मिळतं आणि त्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली, म्हणजे तेही काही कालचं नाही.

या बदलात मला एक गोष्ट नीट उमगली. पत्र वेगळं आणि पत्राची पेटी वेगळी. आपण दोन्हींना 'मेल'च म्हणतो, म्हणून घोटाळा होतो.

पेटीचेही दोन प्रकार. एका पद्धतीत, तिला पॉप म्हणतात, टपाल सर्व्हरवरून उचलून आपल्या संगणकावर येतं आणि बहुधा तिथेच राहतं. दुसरी आयमॅप. तिच्यात टपाल सर्व्हरवरच असतं, आपण ते फक्त इथून बघतो. आयमॅपवाल्यांचं स्थलांतर सोपं. नव्या प्रोग्रॅमला पत्ता आणि पासवर्ड सांगितला की सगळं समोर हजर. पॉपवाल्यांना मात्र पेटी खांद्यावर घेऊन जावी लागते. आमची पॉपची होती. आउटलुक आपली पत्रं पीएसटी नावाच्या बंद डब्यात ठेवतं. थंडरबर्डला ती आत घेता येतात, पण त्याच संगणकावर आउटलुक जिवंत असताना. म्हणून जुना प्रोग्रॅम आधी काढून टाकायचा नाही, हा पहिला नियम.

प्रोग्रॅम येतात आणि जातात. १९८८ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी 'युडोरा' लिहिला. पोस्टात जाऊन राहणाऱ्या एका बाईची कथा युडोरा वेल्टी या लेखिकेनं लिहिली होती, म्हणून तिचं नाव. टपालाच्या प्रोग्रॅमला लेखिकेचं नाव मिळावं, याचं मला कोण कौतुक! जगभर लोकांनी तो वापरला आणि २००६ साली त्याची विंडोजसाठीची शेवटची आवृत्ती आली. आपल्याकडे घरोघरी दिसणारं आउटलुक एक्स्प्रेस विंडोज एक्सपीबरोबर येत असे. पुढच्या व्हिस्टामध्ये ते नव्हतंच. पेटी कुणाचीच कायमची नसते.

आमची पत्रं नव्या पेटीत आली. मोजून पाहिली, संख्या जुळली. साहेब खूष झाले. मग मी २००३ ते २००६ या सालांचा कप्पा उघडला.

त्यात मुरबाडच्या एका सरांची पत्रं होती. तेव्हा माझ्या घरी इंटरनेट नव्हतं, म्हणून साहेबांच्या परवानगीनं माझी पत्रं ऑफिसच्या पत्त्यावर येत. मी कविता पाठवायची आणि सर ओळ न् ओळ तपासून उत्तर धाडायचे. भातसानगरहून मुरबाडला एसटीनं जायचं म्हणजे दिवस मोडायचा, मेल मात्र क्षणात यायची. सर आता नाहीत. आणि पडद्यावर दिसत होती ती इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, डॉलरची खूण. मराठीचा एक काना नाही.

ही पेटीची करणी नव्हती. सरांनी त्या काळातल्या एका मराठी फॉन्टमध्ये लिहिलं होतं. असे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरांची चित्रं बसवत. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच. आपल्याला मराठी दिसे ते त्या फॉन्टच्या चष्म्यातून. मधल्या काळात ऑफिसचा संगणक बदलला आणि चष्मा मागे राहिला.

युनिकोडनं प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिच्यातली देवनागरीची मांडणी आपल्याच 'इस्की' या भारतीय प्रमाणाच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे. युनिकोडमधलं 'क' कुठल्याही फॉन्टमध्ये 'क'च राहतं.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक मिळतात. भाच्यानं तसला एक शोधून दिला. पण काम एका टिचकीचं नाही. जुना फॉन्ट टाइपरायटरसारखा चालतो. 'किती' लिहिताना आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे क आधी, वेलांटी नंतर. 'सूर्य'चा रफार तिथे शेवटी, इथे 'य'च्या आधी. परिवर्तकाला ही उचलाउचल करावी लागते आणि जोडाक्षरांत तो अडखळतो. सरांच्या 'दऱ्या'तला र कुठे हरवला, कुठे रफार भलत्याच डोक्यावर बसला. मी प्रत्येक पत्र हातानं दुरुस्त केलं. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर दोन महिने. एका पत्रात सरांनी माझी एक ओळ कापून शेजारी एकच शब्द सुचवला होता. तो शब्द काही केल्या जुळेना. तिथे मी रिकामी जागा ठेवली आहे. सरांच्या नावावर माझा शब्द घालणं मला पटलं नाही.

२०२५ मध्ये केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचं मेल झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या. एवढं मोठं स्थलांतर होतं तेव्हा तज्ज्ञांची फौज असते. तुमच्या-माझ्या पतपेढीत, शाळेत, दुकानात असते ती एक कारकून आणि एखादा भाचा.

म्हणून सांगते. प्रोग्रॅम बदलण्यापूर्वी पत्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. बदलल्यावर नुसती संख्या मोजू नका. सर्वांत जुन्या कप्प्यातलं मराठी पत्र उघडून वाचा. जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यातले मराठी फॉन्ट काढून ठेवा. आणि महत्त्वाची पत्रं युनिकोडमध्ये आणायची असतील, तर ती लिहिणारं माणूस हयात आहे तोवर आणा. अडलेला शब्द त्यालाच विचारता येतो.