विडीचा धूर, रस्त्याचा धूर



दमेकरी रुग्ण आला की आम्ही प्रथम विचारतो, ‘विडी-सिगारेट ओढता का?’ प्रश्न रास्तच आहे; धूम्रपान सोडल्यास फुप्फुसांची झीज मंदावते. परंतु ‘नाही’ म्हणणाऱ्या रिक्षाचालकास वा चौकात दिवसभर उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसास आम्ही काय सोडावयास सांगावे? डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले. अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसांत खोलवर जातात, हृदयासही अपाय करतात. त्यांची वार्षिक मर्यादा संघटनेने २०२१ मध्ये घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपले राष्ट्रीय मानक ४० आहे. सार्वजनिक स्थळी धूम्रपानास २००८ च्या नियमांनी मनाई केली. सिग्नलवर धडधडणाऱ्या इंजिनास मात्र कोणी हटकत नाही. म्हणून नातेवाइकांना विनंती, रुग्णास ‘तुझ्याच व्यसनाचे फळ’ असे बोलू नये. अनेकदा ते अर्धसत्य असते.

फुंकर मारून श्वासाची क्षमता मोजणारे स्पायरोमीटर रिक्षाथांब्यांवर नेण्याचा आमचा मानस आहे. धाप लागेपर्यंत ही माणसे रुग्णालयात येत नाहीत, रोजंदारी बुडते. यंत्र एकदाच घ्यावे लागेल, तंत्रज्ञाचे वेतन मात्र दरमहा द्यावे लागेल. देणगीदारांनी त्याचा विचार करावा.